चंपाची जागा

फ्रेमा बनवण्यात माझी बावीस वर्षं गेली. देवांच्या तसबिरींपासून दहावीच्या गुणपत्रिकांपर्यंत सगळं काचेत बसवलंय, पण चित्राला मी कधी घाबरलो नव्हतो. २००६ साली हंसाबाईंनी आणलेलं चित्र मात्र अजून डोक्यातून जात नाही.

माझं दुकान भाईंदर पूर्वेला, मासळी बाजाराच्या तोंडाशी. हंसाबाई राई गावाहून मासे घेऊन यायच्या. त्यांचं चित्र कोळशाने काढलेलं, १९६२ सालचं. ते काढणारे काशीनाथ मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि रविवारी बाजारात बसून जे दिसेल ते काढायचे. सतरा मासळीवाल्या, दोन हमाल, एक कुत्रं. त्या सतरांतलीच एक, कोपऱ्यात पिंपळाखाली, हंसाबाईंची सासू चंपा, पुढ्यात विळी आणि माशांची पाटी.

"फुटलेली काच बदल, महिपतभाऊ. सर्व्हेवाल्याना दाखवाचाय," हंसाबाई म्हणाल्या. "सासूची जागा हाय. मी वरच्या माल्यावर जानार न्हाय."

बाजार पाडून इमारत उठणार होती आणि मासळीवाल्यांना पहिला मजला मिळणार होता. चार बोंबील घ्यायला जिना कोण चढतो, हे बिल्डरला कोण सांगणार? होकाराचे फॉर्म आम्हा दुकानदारांसकट सगळ्यांना वाटले होते. माझाही गल्ल्यात पडला होता. सही न करणाऱ्यांचा शुक्रवारी सर्व्हे होता. जागेवर कुणी दिसलं नाही, तर नाव कट.

मंगळवारी काच काढून धूळ झटकताना मी बायका मोजल्या, कारण मला मोजायची खोडच आहे. सतरा.

बुधवारी सोळा.

मधली बाई नव्हती. तिच्या जागी मागची भिंत दिसत होती. भिंग लावून बघितलं. खोडल्याची खूण नाही, कागदाचा तंतू उठलेला नाही. चहा पिऊन पुन्हा मोजल्या. सोळाच.

हंसाबाईंना बोलावून दाखवलं. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"ती सुलूची आजेसासू. सुलूनं सकाली सही केली," त्या म्हणाल्या. मग चंपाकडे बघून म्हणाल्या, "ही उठनार न्हाय."

गुरुवारी सहाच उरल्या.

शुक्रवारी सकाळी हंसाबाईंची सून संजना धावत आली. सासूबाई तापाने फणफणल्या होत्या, त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं. "तेवढी पाटी पालथी घाला काका," म्हणाली आणि गेली.

पालथी पाटी म्हणजे बाई परत येणार. त्या जागेवर मग दुसरी कुणी बसत नाही. इथल्या बायका हा नियम कोर्टाच्या हुकुमासारखा पाळतात. सर्व्हेवाले कशाला पाळतील? तरी मी पिंपळाखाली हंसाबाईंच्या जागेवर त्यांची पाटी पालथी घातली. सर्व्हे तीनला होता. तिथे उभं राहून भांडायचं मी ठरवलं होतं.

एक वाजता सहज चित्राकडे बघितलं. आता सगळा बाजार रिकामा होता. चंपाही नव्हती. पिंपळाखाली तिची पाटी तेवढी होती.

मला संताप आला. एवढं करून म्हातारी उठलीच?

मी बाहेर धावलो. सर्व्हेवाले लवकर आले होते. त्यांच्यातला अमोल नावाचा तरुण रजिस्टर मिटत होता.

"बाई दवाखान्यात आहे," मी ओरडलो. "तिचं नाव कट केलंत तर गाठ माझ्याशी आहे."

"कट कुठे केलंय काका? घरचं कुणी बसलं तरी चालतं. त्या आजी होत्या ना. सही येत नव्हती, अंगठा घेतला."

"कोण आजी?"

"नाव नाही सांगितलं. हंसाची जागा हाय, मी बसलेय, एवढंच म्हणाल्या." तो मागे वळला. "आत्ता तर इथेच होत्या."

पिंपळाखालची जमीन ओली होती. तिला ताजे खवले चिकटले होते.

मी पालथी घातलेली पाटी सुलटी होती.

दुकानात येऊन पहिलं काम केलं ते गल्ल्यातला फॉर्म फाडायचं. मग चित्राकडे वळलो. मघाशी चित्रातली पाटी पालथी होती, हे मला तेव्हा आठवलं.

आता तीही सुलटी होती. रिकाम्या बाजारात चंपा एकटी बसली होती, ताठ.

मी काच उचलली आणि तशीच खाली ठेवली. सगळं चित्र कोळशाचं, काळं. फक्त तिच्या अंगठ्याला जांभळी शाई होती.

बोट लावून बघितलं. ओली होती.