दोन तास एकेचाळीस मिनिटं

"चोर म्हणाला मला! सगळ्यांसमोर!"

देवकी गावस जिना चढून आली ती हे ओरडतच. डिचोलीच्या बाजारात, बेकरीच्या वर, सुमन कारापूरकरांची एका खोलीची कचेरी होती. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर सुमनताईंनी दारावर 'खासगी चौकशी' अशी पाटी लावली, आणि तेव्हापासून मुख्यतः सोयरिकींचीच कामं येत. मुलगा पितो का, नोकरी खरी का, असली.

"बस आधी. पाणी पी," सुमनताई म्हणाल्या. "विठू, त्या जनेलाजवळचं पंख्याचं बटण दाब." विठू खिडकीशी गेला.

विठू हा त्यांचा मावसभाऊ. धंद्याने मोटारसायकल पायलट, म्हणजे भाडं घेऊन माणसाला मागे बसवून पोचवणारा. भाडं नसलं की तो इथेच बसलेला असे.

देवकी पाणी प्यायली आणि सांगू लागली. तेवीस वर्षांची पोरगी, शिरगावची. तीन वर्षं ती 'सगुण कॉम्प्युटर्स'मध्ये प्रोग्राम लिहीत होती. खनिज वाहणाऱ्या ट्रकांचा नंबर लावणारा प्रोग्राम तिने एकटीने लिहिला. कुठला ट्रक आधी भरायचा यावरून खाणीवर ट्रकवाले रोज एकमेकांची गळपट्टी धरायचे. आता यंत्र यादी देणार आणि भांडण मिटणार होतं. उद्या, मंगळवारी, ट्रकमालकांना तो दाखवायचा होता.

"मी शुक्रवारी राजीनामा दिला. पुण्याला नोकरी मिळाली आहे, पुढच्या सोमवारी हजर व्हायचंय. पण इथल्या साहेबांचा सुटकेचा दाखला नसेल तर पुणेवाले दारातही उभं करणार नाहीत. आज सकाळी मशीन लावलं, तर प्रोग्राम साफ पुसलेला! बॅकअपच्या फ्लॉपीसुद्धा कोऱ्या. आणि सगुण सर म्हणतात, जाता जाता तूच पुसलास."

"दाखला?"

"देणार नाहीत. उलट पुण्याला पत्र टाकणार, की मुलगी चोर आहे. नाहीतर म्हणे तीन वर्षांचा करार लिहून दे, प्रोग्राम परत लिही, मी विसरून जाईन."

"विसरून जाईन! केवढे ते उपकार!" सुमनताई ताडकन उठल्या. "चल विठू, गाडी काढ."

माणसाच्या तीन वर्षांच्या घामावर बोळा फिरवायचा आणि वर त्यालाच चोर म्हणायचं, ही आपल्याकडच्या साहेबलोकांची जुनी खोड. आणि पोरीची जात असली की त्यांना अधिकच जोर येतो.

सगुण कॉम्प्युटर्सच्या जिन्यात वीज खात्याची नोटीस अजून चिकटवलेली होती: रविवारी सकाळी नऊ ते सायंकाळी पाच पुरवठा बंद.

"पाच म्हणाले आणि लाईट एकलाच दिली," सुमनताई पुटपुटल्या. "बाजारातल्या सगळ्यांना आश्चर्याचा धक्का."

सगुण शेट्ये चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. त्याने सुमनताईंना कदेल, म्हणजे खुर्चीसुद्धा, नाइलाजाने दिली.

"खुशाल चौकशी करा. मी शनिवारी संध्याकाळीच पेडण्याला सासुरवाडीला गेलो, तो आज सकाळी दहाला परतलो. मी इथे असतो तर हिची छाती झाली असती का? ऑफिसच्या चाव्या दोन. एक माझ्याकडे, एक दत्ताराम शिपायाकडे. दत्ताराम हिच्याच गावचा. दिली असेल चावी."

"कधी पुसलं असेल?"

"रविवारी. दुपारी एकपर्यंत तर लाईटच नव्हती, म्हणजे त्यानंतर आली असणार. घरी आईजवळ होते म्हणते. आईची साक्ष कोण धरणार?"



बाहेरच्या खोलीत विजय बसला होता. देवकीहून वर्षभराने नवा, आणि ती गेल्यावर तिची जागा त्यालाच मिळणार होती. त्याने मान वर केली नाही.

"शनिवारी शेवटी प्रोग्राम कुणी पाहिला?" सुमनताईंनी विचारलं.

"मीच. साडेपाचला चालवून बघितला, व्यवस्थित चालला. मग दत्तारामने मेन स्विच बंद केला आणि आम्ही सगळे एकदमच उतरलो."

"आणि रविवारी?"

विजय घुटमळला. "रविवारी सकाळी आठला दत्ताराम झाडायला आला, तेव्हा मीही आलो. माझा एक अर्ज छापायचा होता. प्रिंटर देवकीच्याच मशीनला जोडलेला आहे. तेव्हा यादीत प्रोग्राम जागेवर दिसला. पण नऊला लाईट गेली, दत्तारामने कुलूप लावलं, मी निघालो. ताई, मी कशालाही हात लावलेला नाही."

"अर्ज कसला?"

"पुण्याचाच," विजय खाली बघत म्हणाला. "मलाही जायचंय."

दत्ताराम दारातच उभा होता. चेहरा उतरलेला.

"बाय, माझी चावी करगोट्याक बांधलेली आसा. कोणाक देवक नाय. देवकीक तर नायच. सकाळी ती साडेआठाक येवन पायरीवर बसलेली, मी नवाक दार उघडला. सव्वा नवाक तिनं बोंब मारली." मग तो जरा वैतागून म्हणाला, "आता माका वचूंक जाय. फाल्या मंगळवारी सकाळी धा वाजता चाळीस पाव नि पातळ भाजी हाडूक आताच सांगलान सायबान. बेकरीवाल्याक आज सांगूक नाय तर गावचे नाय."

सुमनताईंनी त्याला पाव सांगायला जाऊ दिलं आणि देवकीच्या मशीनकडे वळल्या. "दाखव, काय उरलंय."

देवकीने कळा दाबल्या. पडद्यावर यादी आली. पत्रं, जुनी कामं, सगळ्यांवर ठीक तारखा. फक्त दोन रिकामे कप्पे, ज्यांना या धंद्यात डिरेक्टरी म्हणतात, कुणीतरी बनवून सोडून दिलेले होते. त्यांच्यावर तारीख होती १ जानेवारी १९८०. एकावर वेळ रात्रीचे बारा वाजून सात मिनिटं, दुसऱ्यावर दोन एकेचाळीस.

विठूने डोळे विस्फारले. "ऐंशी सालात? ताई, तेव्हा ही नऊ वर्सांची चेडू होती! मशीनाक वेड लागला."

"वेड नाही," देवकी म्हणाली. "आतली बॅटरी मेली आहे. स्विच बंद झाला की घड्याळ ऐंशी सालावर जातं आणि शून्यापासून चालू होतं. सरांकडे तीनदा मागितली. म्हणाले, तारीख हाताने घालायला बोटं झिजतात का? म्हणून मी रोज सकाळी आधी तारीख-वेळ टंकते, मगच कामाला लागते. विजयला पण तीच सवय लावली."

"आणि तुझ्या प्रोग्रामच्या फायली किती होत्या?"

"बासष्ट. प्रत्येकीच्या डोक्यावर माझं नाव आणि लिहिल्याची तारीख. आमच्यात तसंच करतात, पुढच्याला कळावं कुणाला विचारायचं ते."

"पुसायला किती वेळ लागतो?"

"सगळं? दोन मिनिटं. फ्लॉपी धरून फार तर दहा."

सुमनताईंनी पडद्यावरच्या दोन्ही वेळा टिपून घेतल्या. खाली उतरल्यावर त्यांनी विठूला विचारलं, "रविवारी मये गावातल्या लग्नाला तू भाडी मारत होतास ना?"

"होय तर! दत्तारामाक मीच सकाळी धा वाजता सोडलंय आणि रात्री सातांक परत हाडलंय. फेणी इतकी मारलेली की सोताचा दार गावना त्याका. तो विजय पण थंयच, दिवसभर पंगतीत वाढी होतो. रात्री तोच विजय वरातीबरोबर वास्कोक गेलो, सकाळच्या बशीन परत इलो. पण ताई, त्या लग्नाचा नि ह्याचा काय?"

"उद्या दहाला ये. पाव खायला."

मंगळवारी दहा वाजता ऑफिसात तीस-पस्तीस ट्रकमालक दाटीवाटीने बसले होते. त्यांचा प्रमुख मधुकर पुढच्या रांगेत होता. सुमनताई देवकीला घेऊन आत शिरल्या, तसा सगुण उसळला.

"हिला कुणी बोलावलं?"

"मी. सगुणबाब, एकच विचारते. प्रोग्राम पुसला गेला ना?"

"गेला! हिनेच—"

"मग या मंडळींना दाखवणार काय? काल सकाळी तुमचं सर्वस्व बुडालं, आणि काल दुपारी तुम्ही चाळीस पावांची ऑर्डर दिलीत. मधुकरबाब, तुम्हाला कुणी कळवलं का, येऊ नका म्हणून?"

"ना," मधुकर म्हणाला. "उलट यांनीच काल फोन केला. सगळं तयार आहे, वेळेवर या."



"तेव्हाच कळलं, की प्रोग्राम कुठेतरी जिवंत आहे," सुमनताई म्हणाल्या. "आता कुणी नेला ते बघू. ज्याने नेला त्याने मशीन लावलं, पण तारीख टंकली नाही. देवकी आणि विजय ती टंकल्याशिवाय कामाला हात लावत नाहीत. मशीनचं घड्याळ शून्यापासून चालू झालं, म्हणून त्यावरची वेळ म्हणजे स्विच लावल्यापासून गेलेली मिनिटं. सातव्या मिनिटाला पहिला कप्पा, दोन तास एकेचाळीस मिनिटांनी दुसरा. मध्ये लाईट गेली असती तर घड्याळ परत शून्यावर आलं असतं. म्हणजे माणूस सलग पावणेतीन तास बसला होता."

"रविवारी सकाळी विजय होता की!" सगुण म्हणाला.

"आठ ते नऊ. एकच तास. सोमवारी देवकीला मिळाली पंधरा मिनिटं. रविवारी एकनंतर दत्ताराम चावीसकट मयेला आणि रात्री फेणीत. विजय पंगतीत आणि मग वास्कोला. उरली दुसरी चावी. ती तुमची."

"मी पेडण्याला होतो!"

"मग डिचोलीच्या बाजारात लाईट एकला आली हे काल मला कसं सांगितलंत? जिन्यातली नोटीस पाच म्हणते. सोमवारी कुणी सांगितलं असेल, असं म्हणाल. म्हणा. मी त्यावर अडून बसत नाही. माझं डोकं दुसऱ्याच गोष्टीने खाल्लं. पुसायला दहा मिनिटं पुरतात, तर पावणेतीन तास काय चाललं होतं? मग कळलं. बासष्ट फायली, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एका मुलीचं नाव. ते एकेक करून खोडायचं म्हणजे वेळ लागणारच. आणि आज दाखवायचाय, म्हणजे फ्लॉपी हाताशीच असणार. टेबलाचा खण उघडा, सगुणबाब."

सगुण हलला नाही. मधुकरने उठून खण ओढला. आत तीन फ्लॉपी होत्या. देवकीने पहिली मशीनमध्ये घातली. 

बासष्टच्या बासष्ट फायली. सगळ्यांवर १ जानेवारी १९८०, बारा सात ते दोन एकेचाळीसच्या मधल्या वेळा. आणि प्रत्येकीच्या पहिल्या ओळीत: लेखक, सगुण शेट्ये.

"अरे देवा!" विठू ओरडला. "चोर चोर म्हणान बोंबलता तो हाच!"

"शरम नाही वाटत?" मधुकरचा आवाज चढला. "पोरीच्या पोटावर पाय, आणि वर तिलाच गुलाम करून ठेवायची तयारी! दाखला लिही. आत्ता. आमच्यासमोर. नाहीतर या प्रोग्रामला आमचा एकही ट्रकवाला हात लावणार नाही."

सगुणने कागद ओढला. कपाळावरचा घाम पुसत त्याने चार ओळी लिहिल्या. देवकीने वाचल्या आणि कागद परत त्याच्यापुढे ठेवला.

"प्रोग्राम कुणी लिहिला, ते राहिलं."

त्याने तेही लिहिलं, सही केली, शिक्का मारला. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "माझंही ऐक ना. उद्या हे बंद पडलं तर मी कुणाकडे जाऊ? विजयला यातलं काही कळत नाही. मला भीती वाटली. तू गेलीस की सगळंच गेलं, असं झालं."

देवकीने पर्समधून एक पाकीट काढलं. वर पुण्याचा पत्ता होता. तिकीट लावलेलं, पण टपालात टाकलेलं नव्हतं.

"सोमवारी मी साडेआठलाच का आले होते, ते तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. पुण्याकडे महिन्याची मुदत मागितली होती यात. विजयला सगळं शिकवून मगच जाणार होते. टाकण्याआधी तुमचा होकार हवा होता, म्हणून पायरीवर तुमची वाट बघत बसले होते, सर."

तिने पाकीट मधोमध फाडलं, तुकडे त्याच्या टेबलावर ठेवले, आणि दाखला घडी करून जिना उतरली.