अंदाजी हळद

त्या वर्षी बार्शीतल्या प्रत्येक मंगल कार्यालयात साठ कॅमेरे होते आणि कॅमेरामन एकही नव्हता. वाटाण्याएवढे कॅमेरे. खांबांवर, झुंबरात, स्टेजच्या झालरीत, हात धुवायच्या बेसिनवरसुद्धा. कुणी टेबलक्लॉथला नाक पुसलं तरी ते तीन बाजूंनी निघायचं.

मग या साठ व्हिडिओंमधून एक फिल्म बनवायची. त्याला बार्शीत अजून मिक्सिंगच म्हणायचे, आणि मिक्सिंग म्हटलं की लहूअण्णा देवकुळे.

केतकी जगदाळे लग्नानंतर बाविसाव्या दिवशी लहूअण्णाच्या दुकानात आली. तिला सगळी फिल्म बघायची नव्हती. हळदीची फक्त चार मिनिटं बघायची होती. तिचे वडील ती सहावीत असताना गेले, आणि त्यांच्या घरात विधवा बाई हळदीला हात लावत नाही. ऐन हळदीला आई मागच्या खोलीत लसूण सोलत बसली होती. केतकी पाटावरून उठली, आईला मनगट धरून ओढत आणलं, आणि म्हणाली, पहिली हळद तू लावायची. भावकीची तोंडं कडू झाली. सुमनकाकूने तर पाठच फिरवली. आईने लावली, पण भीतीने डोळे गच्च मिटून. त्यामुळे स्वतःच्या हाताने काय केलं हे तिने स्वतः पाहिलंच नाही. त्या दिवसापासून ती एकच मागत होती, मला ते एकदा बघायचंय.

लहूअण्णाने फिल्म लावली. साठही कोन, लोण्यासारखे. कुठे अडकणं नाही, कुठे झटका नाही.

हळद आली. पाटावर केतकी. समोरून सुमनकाकू आली, हसत, आणि केतकीच्या गालाला हळद लावली. मंडप टाळ्या वाजवत होता. आई मागे दाराशी हात जोडून उभी होती, ती पण हसत.

केतकीला वाटलं आपण दुसऱ्याच कुणाचं तरी लग्न बघतोय. मग तिला दिसलं की काकूच्या कपाळावर घाम नाही. कुणाच्याच नाही. मे महिन्यात, पंखे बंद पडलेल्या हॉलमध्ये, तीनशे माणसं आणि एक घामाचा थेंब नाही. सगळ्यांचे दात एकसारखे. काकूच्या बोटांची हळद गालाला लागत होती पण ओघळत नव्हती. मेलेल्या माणसाला पावडर लावून बसवतात तसं सगळं.

"हे झालेलं नाही," ती म्हणाली. "मूळ व्हिडिओ काढा."

लहूअण्णा मान खाजवायला लागला. त्याने सांगितलं ते असं. साठ व्हिडिओ एकदम चालवले की कॉम्प्युटरचा जीव जातो. प्ले दाबलं की नवरा एक पाऊल टाकतो, थांबतो, मग एकदम स्टेजवर दिसतो. पूर्वी यावर प्रॉक्सी हा उपाय होता. म्हणजे प्रत्येक व्हिडिओची हलकी, लहान कॉपी करायची, काटछाट त्या कॉपीवर करायची, आणि शेवटी कॉपीच्या जागी मूळ व्हिडिओ परत जोडायचे. पण साठांच्या हलक्या कॉप्यासुद्धा अडकतात. मग अंदाजी आली. अंदाजी म्हणजे अशी कॉपी की जी व्हिडिओ पूर्ण वाचतच नाही. पन्नासातलं एक चित्र बघते, मधली एकोणपन्नास स्वतःच्या मनाने भरते. वाचायचंच नाही तर अडकणार कशाला?

"पण शेवटी मूळ जोडायचे असतात ना?"

"असतात," लहूअण्णा म्हणाला. "जोडायला अठरा तास लागतात, ताई. लग्नसराईत एका तिथीला मला चार लग्नं असतात. बार्शीत कुणीच जोडत नाही. आजवर कुणाला फरक कळला नाही."

आणि मूळ व्हिडिओ? ते पुसले होते. डिस्कवर दुसऱ्याचं लग्न बसलं होतं.

केतकीने त्याला तिथल्या तिथे अंदाजी बनवणाऱ्यांना फोन लावायला लावला. अर्ध्या तासाने पुण्याहून मृण्मयी आगटे पडद्यावर आल्या. अंदाजीमागचं गणित त्यांचं. त्या शांतपणे पोहे खात होत्या, आणि केतकीला त्याचीही किळस आली.

"मधली चित्रं मशीन कशावरून भरतं?" केतकीने विचारलं.

"अनुभवावरून. त्याने अकरा लाख लग्नं पाहिलीत. कुठल्या क्षणानंतर काय होतं हे त्याला पाठ आहे."

"माझी आई पुढे होती. पन्नासातल्या एका खऱ्या चित्रात तरी ती दिसलीच असणार."

"दिसली असणार." बाईंनी चमचा खाली ठेवला. "पण अकरा लाखांत विधवा आईने पहिली हळद लावलेली त्याने एकोणीस वेळा पाहिलीय. एवढी कमी गोष्ट त्याच्या लेखी गोष्टच नसते. लेन्सवर डाग पडला, कॅमेरा हलला, असं समजून ते दुरुस्त करतं."

"म्हणजे पहिल्यांदा जे घडेल ते पुसणार."

"आम्हाला सांगितलं होतं की प्लेबॅक अडकू नये," त्या म्हणाल्या. "तो अडकत नाही."

जाता जाता त्यांनी एक सांगितलं. व्हिडिओ पुसले तरी फोल्डरमध्ये प्रत्येकाची ओळख म्हणून एक नखाएवढं चित्र राहतं. ते मशीन बनवत नाही, ते खरं असतं. लहूअण्णाने साठ चित्रं उघडली. पाटासमोरच्या कॅमेऱ्याचं चित्र नेमकं त्या मिनिटातलं होतं. मोठं केल्यावर ते फुटलं, सगळे चौकोन चौकोन. पण त्यात एक पिवळा हात होता, आणि मनगटावर हिरवा चुडा नव्हता, काळ्या पट्ट्याचं घड्याळ होतं. आईचं.

केतकीने ते छापून घेतलं. लहूअण्णाने सवयीने फिल्मही तिच्या मोबाईलवर टाकून दिली.

घरी आईने हात धुतले, पदराला पुसले आणि चष्मा लावला. केतकीने तिला आधी सगळं सांगितलं, मशीन, अंदाज, डाग. मग तो कागद हातात दिला.

आईने तो उलटासुलटा करून पाहिला. "यात काय दिसतंय?"

"तुझा हात, आई. घड्याळ बघ."

"कुणाचाही असेल गं." तिने कागद बाजूला ठेवला. "ती फिल्म दाखव ना."

केतकी नाही म्हणाली. आईने मोबाईल स्वतःच उचलला. काकू हसत आली. हळद लागली. टाळ्या झाल्या. आईने ती चार मिनिटं परत पाहिली, मग तिसऱ्यांदा. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले.

"भावकीत कुणी नाराज नाही दिसत," ती म्हणाली.

"आई, तू लावलीस. माझ्या गालाला लसणाचा वास आला होता."

आईने पडद्यावर बोट ठेवलं. दाराशी हात जोडून हसणाऱ्या त्या बाईवर.

"ही बघ मी," ती म्हणाली. "इथंच उभी होते. मला आठवतंय आता."

केतकीने आईचा हात लागलेला गाल चाचपला. डावा. मग उजवा.