डोहावरची हाळी

"तळ्यातली मासेमारी म्हणजे निव्वळ झोपा काढणं!" पवन गळाची काठी खांद्यावर टाकत म्हणाला. "मी चाललो नदीला. तिथं नेमकी फेक लागते, फेक!"

"जा की! काल त्या नेमक्या फेकीनं काय आणलंस? फाटकी चप्पल!" आम्रपाली पाण्यावरची नजर न हलवता म्हणाली.

"आन् ती बी डाव्या पायाची!" दिपाली खुदकन हसली.

आम्रपाली आणि पवन ही भावंडं दिवाळीच्या सुट्टीत बीडहून भारतमामाकडे आली होती. पाटोद्याच्या पुढचं हे डोंगरातलं गाव. वर तळं, तळ्याच्या बांधाखाली नदी आणि नदीत मोठा डोह. शेजारच्या दिपालीचे आजोबा, धुळाजीआबा, रोज सकाळी त्या डोहात जाळं टाकत. आबा कानांनी ठार बहिरे होते. दिपालीचे आईवडील ऊसतोडीला गेलेले, म्हणून घरात आजोबा आणि नात दोघंच.

इतक्यात बांधाखालून लांबलचक हाळी आली. "सुरुंग हाय रेऽऽ! हटाऽऽ!" एकदा, दोनदा, तीनदा.

"कुणाच्या तरी विहिरीचं काम चाललंय," पवन म्हणाला.

आम्रपालीच्या गळाच्या दोरीला तरंगायला ज्वारीच्या धाटाचा तुकडा बांधला होता. तो पाण्यावर थरथर कापला आणि... धडाम!

"नदीकडनं आला आवाज," दिपालीचा चेहरा पांढराफटक पडला. "नदीत कोण इहीर खोदतंय? डोहात आबा हायेत!"

तिघं बांधावरून घसरत, ठेचकाळत खाली धावली. डोहाचं पाणी गढूळ झालं होतं. त्यावर मासेच मासे तरंगत होते, पोटं वर करून! मोठी मरळ होती, वाम होती आणि बोटाएवढी पिल्लंसुद्धा. तोंडाला रुमाल गुंडाळलेले दोघेजण पाटीत भराभर मासे भरत होते. काठावर आबा पालथे पडले होते. त्यांच्या नाकातून रक्त वाहत होतं.

"माझं जाळं... सोड माझं जाळं!" आबा पुटपुटले.

दोघांपैकी उंच माणसानं त्यांच्या कमरेत लाथ घातली आणि विळ्यानं जाळं टराटरा फाडलं.

"ए, सोडा त्यांना!" पवन धावून गेला. बुटक्यानं त्याच्या अशी मुस्काटात भडकावली की तो कोलमडून दगडावर आपटला. ओठ फुटला.

"कशाला आलाव रं हितं?" बुटका गुरगुरला. "उद्या कुणी डोहावर दिसलं तर माशासंगं उडवीन!"

फटफटीवर पाटी लादून दोघं निघून गेले. उंच माणूस मुलांसमोर एक शब्दही बोलला नव्हता.

*

"तोंडं पाहिलीत का त्यांची? गाडीचा नंबर?" भारतमामानं पवनच्या ओठाला हळद लावत विचारलं.

"रुमाल होते. नंबरची पाटी नव्हती."

"मग कुणाचं नाव घ्यायचं? आबांनी कुणाला तरी डिवचलं असेल. आणि दिवाळीत बार तर वाजतातच! तुम्ही तळ्यावरच खेळा बघू."

आम्रपालीनं मामाकडे वळून विचारलं, "मामा, तुमच्या विहिरीला सुरुंग लावले तेव्हा हाळी कोण देत होतं?"

"उत्तरेश्वर. मोठा शिस्तीचा माणूस! वात पेटवायच्या आधी तीनदा हाळी देतो. कुणी उलट 'माणूस हाय' म्हणून ओरडलं तर तिथंच थांबतो. वीस वर्षांत त्याच्या कामावर कुणाला खरचटलं नाही."

"आज नदीवर तीनदाच हाळी झाली. चोरून मासे मारताना कोण ओरडेल, मामा? ज्याच्या तोंडाला सवय झालीय तोच!"

मामा हसला. "काहीतरीच! असल्या सज्जन माणसावर आळ घेऊ नये."

अंगणात येताच आम्रपाली म्हणाली, "तोंड झाकता येतं, आवाज नाही. उद्या ती हाळी मोबाइलमध्ये पकडायची. गावात कुणीही ओळखेल!"

"आन् आबा?" दिपालीनं विचारलं. "ते म्हन्तेत, डोह माझा हाय, उद्या बी जानार!"

"त्यांना बाहेरून कडी घाल. तू दारातच बस."

*

सकाळी बहीणभाऊ डोहाकाठच्या लव्हाळ्यात पोटावर पडून राहिले. पवननं गळाची काठी शेजारीच ठेवली होती. डास फोडून खात होते. पवन दर मिनिटाला चुळबुळ करी आणि आम्रपाली त्याला कोपरानं ढोसे.

"हलू नकोस! तळ्यावर बसायची सवय असती तर बरं झालं असतं!"

फटफटी आली. दोघं उतरले. बुटक्यानं पिशवीतून सुरुंगाची कांडी काढली. आम्रपालीनं मामाचा मोबाइल सुरू केला. उंच माणसानं इकडंतिकडं पाहिलं, हात तोंडाशी नेला आणि...

"सुरुंग हाय रेऽऽ! हटाऽऽ!"

"मिळाली!" ती कुजबुजली. तेवढ्यात पवननं तिचा दंड करकचून धरला. डोहातल्या मोठ्या खडकाआड कुणीतरी कमरेएवढ्या पाण्यात उभं होतं. पाठमोरं. फाटकं जाळं खांद्यावर घेतलेले धुळाजीआबा! मागची भिंत ओलांडून आले होते. काठावरच्या दोघांना ते दिसत नव्हते आणि त्यांना हाळी ऐकू येत नव्हती!

"सुरुंग हाय रेऽऽ!" दुसरी हाळी.

आम्रपाली ताडकन उभी राहिली. आता लपून काय उपयोग! "माणूस हायऽऽ!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली. "माणूस हायऽऽ!"

उंच माणूस जागच्या जागी थिजला. "सटवा, थांब! पेटवू नको!"

पण बुटक्या सटवानं तिसऱ्या हाळीची वाटच पाहिली नव्हती. वात सुरसुरत होती!

पवननं गळ फिरवला. एकच संधी होती. सूं करत दोरी डोहावरून गेली आणि गळ नेमका आबांच्या सदऱ्याच्या पाठीत रुतला. त्यानं हिसडा दिला. आबा चिडून मागे वळले. पवनचे वेडेवाकडे हातवारे, सुरसुरणारी वात, सगळं त्यांना एका नजरेत दिसलं. ते धडपडत काठावर आले आणि पवननं त्यांना खडकामागे ओढलं.

घाबरलेल्या सटवाच्या हातून कांडी काठालगतच पडली. धडाम! दगडगोटे गोळ्यांसारखे उडाले. सटवा भेलकांडला. कपाळ फाटून त्याचा चेहरा रक्तानं माखला, उजवा हात कोपरातून लोंबू लागला. तो गुरासारखा ओरडत होता.

"मोबाइल दे!" उंच माणसानं आम्रपालीची वेणी धरून तिला खाली पाडलं आणि तिच्या मनगटावर बूट दाबला. डोळ्यांसमोर काजवे चमकले, पण तिनं मूठ सोडली नाही. पवननं त्याच्या पोटरीत दात रोवले. त्यानं पवनला झटकलं, पुन्हा बूट उचलला...

"उत्तरेश्वर!"

बांधावर भारतमामा उभा होता. मागे दिपाली आणि दहाबारा गडी. आबांची रिकामी बाज पाहताच ती ओरडत मामाकडे धावली होती.

"दुसरी हाळी बांधावर ऐकली आम्ही," मामा बांध उतरत म्हणाला. "माझ्याच विहिरीवरची हाळी! काढ तो रुमाल."

*

दुपारी पोलीस आले. सटवाला दवाखान्यात आणि उत्तरेश्वरला ठाण्यात नेलं. मोबाइलमधली हाळी ऐकून फौजदारसाहेब म्हणाले, "मोठ्यांनी कानाडोळा केला, पण या मुलांनी नीट ऐकलं. शाबास रे पोरांनो!"

मामानं आम्रपालीच्या सुजलेल्या मनगटाला पट्टी बांधली. "चुकलो गं. उद्यापासून तू सांगशील ते आधी ऐकीन."

धुळाजीआबांनी मात्र पवनला जवळ बोलावून सदऱ्याची पाठ दाखवली. "ह्ये भोक मी शिवनार न्हाई. लई झकास फेक हाय तुझी!"

डोह मात्र रिकामा झाला होता. पाण्यावर साधा बुडबुडाही येईना. आबा काठावर बसून नुसते बघत राहत.

सुट्टीचे उरलेले दिवस तिघांनी आबांच्या हाताखाली जाळं शिवलं. मग रोज सकाळी तळ्यात जाळं टाकून पिल्लं धरायची आणि पाणी भरलेल्या घागरीतून बांधाखाली न्यायची. पहिली घागर डोहात हळूच तिरपी केली, तेव्हा दहाबारा पिल्लं चमकली आणि खोल पाण्यात दिसेनाशी झाली.

"सांग आता," पवननं विचारलं, "हे मासे तळ्यातले की नदीतले?"

"आधी मोठे तर होऊ देत!" आम्रपाली म्हणाली आणि दुसरी घागर भरायला बांध चढू लागली.