पलीकडच्या काठावरचा फोटो

कुणी म्हणेल, मनाचे खेळ आहेत. म्हणू देत. मी माझ्या कानांनी ऐकलंय, माझ्या वहिनींनी ऐकलंय, आणि तो कॅमेरा आजही माझ्या कपाटात आहे. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की टवाळी करणारा पहिला मीच असायचो.

त्या दुपारनंतर टवाळी सोडली.

हो, दुपारच. रात्र नव्हती, अंधार नव्हता. घराची पुढची खोली, डोक्यावर लख्ख दिवा, बाहेर पाऊस. ती खोली म्हणजेच माझं दुकान. मी कॅमेरे दुरुस्त करतो.

माझा थोरला भाऊ, दादा, पूल तपासायचा. नदीनाल्यांवरचे छोटे पूल. तडा कुठे गेलाय, पाणी कुठवर चढलंय, याचे फोटो ऑफिसला द्यायचे. फोटोत मोजपट्टी हवीच, नाहीतर तडा बोटभर आहे की हातभर ते कळणार कसं? आता पट्टी धरायला दुसरा माणूस ऑफिस देईल तर शपथ. मग दादा काय करायचा, कॅमेरा स्टँडवर लावायचा, सेल्फ टायमरचं बटण दाबायचा आणि पट्टी घेऊन खांबाकडे पळत सुटायचा.

दहा सेकंद मिळतात.

टिक... टिक... टिक... मग टिकटिकटिक... आणि खटक.

पूर आला त्या दिवशी तो असाच एका पुलावर गेला. परत आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा मिळाला. अलीकडच्या काठावर, स्टँडवर, जसाच्या तसा. रात्रभर पावसात भिजत उभा.

दादा नव्हता.

त्याच्या ऑफिसचे मुकादम पिशवीत घालून कॅमेरा घेऊन आले. उंबऱ्यातच उभे राहिले. खाली बघत म्हणाले, "आम्ही पाण्यात शोधतोय. पलीकडच्या काठाला लागले असतील तर मात्र तिकडे दाट झाडी आहे. जखमी होऊन पडलेही असतील. पण दोन्हीकडे शोधायला माणसं पुरत नाहीत हो. आणि उद्या संध्याकाळी आम्हाला निघावं लागणार, खालच्या गावातही पाणी शिरलंय."

वहिनींनी पिशवी हातात घेतली.

"ते पलीकडे पोचले की नाही, ते यात दिसेल ना, भाऊजी?"

दिसलं असतं. पण त्या जुन्या कॅमेऱ्याची कार्डाची खाच केव्हाच मोडली होती. फोटो सगळे त्याच्याच पोटात. कॅमेरा जगला तरच फोटो दिसणार.

मी आधी बॅटरी काढली आणि टेबलाच्या खणात टाकली. भिजलेल्या कॅमेऱ्याचं बटण दाबून बघण्याचा मोह भल्याभल्यांना होतो, आणि तिथेच त्याचा निकाल लागतो. गिऱ्हाइकांना मी यावरून फार बोलतो. त्या दिवशी माझंच बोट शिवशिवत होतं.

"तांदळात ठेवायचा का?" वहिनींनी विचारलं.

"तांदळाने कॅमेरा सुकत नाही, वहिनी. तांदूळ मात्र वाया जातात."

त्या हसल्या. त्या दोन दिवसांत तेवढंच.

मी स्क्रू काढले, गढूळ पाणी टिपलं, आतला भाग स्पिरिट आणि ब्रशने धुतला. मग सगळं एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलं. तळाला सिलिका जेलचे निळे दाणे. ते ओल ओढून घेतात, आणि ओढली की गुलाबी होतात.

झाकण लावलं. वहिनी स्टुलावर बसून राहिल्या. मी हात धुवायला आत वळलो...

टिक...

मी थांबलो.

टिक... टिक...

आवाज डब्यातून येत होता.

खण उघडून बघितला. बॅटरी खणातच होती.

टिकटिकटिक... आणि त्याच वेळी दारापासून कुणीतरी धावत आलं. ओल्या पायांनी. फरशीवर चपक्, चपक्, चपक्... माझ्या अगदी जवळून. वाऱ्याची झुळूक लागली, चिखलाचा वास आला.

खटक.

मग फक्त पाऊस.

माझी पाचावर धारण बसली. फरशीकडे बघितलं. पावलाचा ठसा नाही. पाण्याचा एक थेंब नाही.

वहिनी हळूच म्हणाल्या, "डबा बघा."

निळे दाणे गुलाबी झाले होते. सगळेच्या सगळे. एवढी ओल ओढायला त्यांना एरवी रात्र लागते.

मी दाणे बदलले. संध्याकाळच्या आत पुन्हा तेच झालं. तोच आवाज, तीच पावलं, पुन्हा गुलाबी दाणे. आणखी एकदा झालं तेव्हा वहिनी उठून उभ्या राहिल्या आणि स्टूल बाजूला सरकवलं. येणाऱ्या माणसाला वाट द्यायला सरकवतो तसं. ते बघून मला भीतीपेक्षा रडूच जास्त आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाणे निळेच राहिले.

कॅमेरा जोडला. बॅटरी घातली. बटण दाबलं...

पडदा उजळला.

मुकादम येऊन बसलेच होते. फोनवर त्यांची माणसं थांबली होती, कुठल्या काठाला शोधायचं ते विचारत. आम्ही तिघं त्या इवल्याशा पडद्यावर वाकलो.

पुलाचा खांब. पट्टी घेऊन शेजारी दादा. पाणी घोट्याला.

पुढचा फोटो. पाणी गुडघ्याला.

हा माणूस तिथे अजून काय करत होता? एवढं कसलं मेलं काम!

पुढचा फोटो. खांब, पाणी... आणि दादा नाही.

मी पुढे बटण दाबलं.

पलीकडचा काठ. झाडीच्या कडेला दादा उभा. ताठ. सरळ आमच्याकडे बघत.

"पोचले!" मुकादम ओरडलेच. "पलीकडे आहेत! अहो, जिवंत आहेत!" त्यांनी फोन कानाला लावला.

मी मात्र तसाच बसलो. कॅमेरा अलीकडच्या काठावर होता. बटण कॅमेऱ्यावर असतं. बटण दाबल्यावर मिळतात दहा सेकंद. मधे पुराची नदी होती, आणि पूल पाण्याखाली.

मग बटण दाबलं कुणी?

हे वहिनींना कसं सांगायचं? त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, त्या आनंदाने रडत असतील.

त्या रडत नव्हत्या. बोटाने पडद्यावरचा दादा झाकत होत्या, पुन्हा उघडत होत्या.

"भाऊजी, आमच्याकडे यांचा एकही धड फोटो नाही. माहितीये तुम्हाला? बटण दाबून पळत यायचे. धाप लागलेली असायची. माझ्या शेजारी पोचायचे आणि तोवर खटक. प्रत्येक फोटोत हललेले."

"हो," मी म्हणालो.

"हा बघा. किती स्वच्छ आलाय. एक केससुद्धा हललेला नाही." त्यांचा आवाज फुटला. "जिवंत माणूस एवढा शांत उभा राहतो का हो?"

मुकादमांनी फोन कानावरून खाली घेतला.

"पलीकडे जाऊ नका," वहिनी त्यांना म्हणाल्या. "कॅमेरा होता ना, त्याच्या खालीच बघा. खांबापाशी. पट्टी धरायला ते तिथेच पळायचे."

तास-दीड तासाने फोन आला. खांबाला अडकलेल्या फांद्यांमध्ये दादा होता. अलीकडच्याच बाजूला. डॉक्टर म्हणाले, पहिल्याच दिवशी गेलेत.

पलीकडच्या काठावर नंतर मी स्वतः जाऊन आलो. गवत छातीएवढं वाढलेलं, कुठेही तुडवलेलं नाही. तिथे कुणी उभं राहिल्याची खूण नाही. निघताना का कोण जाणे, मी झाडीकडे पाठ न करता उलटा चालत आलो.

क्रियाकर्म आटोपल्यावर वहिनींना तो फोटो हवा होता. दादाचा एकमेव धड फोटो. तो काढून देताना कळलं, त्याच्यापुढेही फोटो आहेत.

तीन. पूर्ण काळे.

तारीख बघितली आणि कॅमेरा टेबलावर ठेवून दिला. ती तारीख तो डब्यात होता तेव्हाची होती. बॅटरी खणात होती तेव्हाची.

वहिनी मागेच उभ्या होत्या.

"अंधारात काढलेला फोटो उजळता येतो ना, भाऊजी?"

येतो. मिनिटभराचं काम आहे. रोज करतो मी ते.

"नाही," मी म्हणालो. "यात काहीच नाही, वहिनी. काळा तो काळाच."

त्यांनी वाद घातला नाही. पण एकदा मी बाहेरून आलो तर त्या माझ्या दुकानात कॅमेरा घेऊन बसल्या होत्या. पडदा डोळ्यांना टेकेल एवढा जवळ धरलेला.

"उजळायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "सवय झाली की दिसायला लागतं."

काय दिसतं, ते मी विचारलं नाही.

तेव्हापासून कॅमेरा कपाटात कुलूपबंद आहे आणि किल्ली माझ्या खिशात. वहिनी रोज दुपारी कपाटासमोर जाऊन उभ्या राहतात. केस नीट करतात, पदर सारखा करतात. आणि आपल्या शेजारी एका माणसाची जागा सोडतात.