सावलीचं ताट

प्रवासात संध्याकाळी कुठे जेवावं, या प्रश्नाची उत्तरं शोधणं हे माझं काम आहे. आम्ही कॉलेजातल्या चौघांनी मिळून एक छोटं मासिक काढलं होतं. ज्या गावात उतरलात त्या गावाचं जेवण जेवा, एवढंच आमचं म्हणणं. स्टेशनबाहेर पडलं की सगळीकडे तीच साखळी हॉटेलं, तेच बर्गर, तेच भाजलेलं मांस. लोक पाचशे मैल लांब जाऊन आपल्याच गल्लीतलं खातात आणि त्याला सहल म्हणतात, याचा मला तेव्हा फार राग यायचा. अजूनही येतो.

त्या जानेवारीत मी तोक्योहून उत्तरेकडच्या हामानो या मच्छीमारांच्या गावी गेले. साकाताहून किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी दोन डब्यांची गाडी तिथे थांबते. मला दोंगारा हवा होता. हे कॉड माशाचं कालवण. मिसोमध्ये, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यात, माशाचं डोकं, काटे, कलेजी सगळं टाकून उकळतात, टाकून काहीच देत नाहीत. थंडीत त्या किनाऱ्यावर घरोघरी होतं, असं मी वाचलं होतं.

स्टेशनातल्या माहिती खिडकीत तोगाशी नावाचे गृहस्थ बसले होते. त्यांनी माझ्यापुढे नकाशा सरकवला आणि भाजलेल्या मांसाच्या दुकानावर गोल केला.

"इथे सगळे जातात," ते म्हणाले.

"म्हणूनच मला जायचं नाहीये. दोंगारा कुठे मिळेल?"

ते हसले. "तोक्योच्या पोरींना माशाची आतडी हवीत आणि आमच्या पोरांना चीज घातलेलं हॅम्बर्गर. अदलाबदल करून टाका एकदाची!"

मी जागची हलले नाही. शेवटी त्यांनी टोपी मागे सरकवून डोकं खाजवलं. "इसोया खानावळीत होतो. रोज होतो. पण विकायला नाही हो, एकाच माणसापुरता असतो. विचारून बघा. नाही म्हणाले तर मात्र हट्ट करू नका."

हट्ट करू नका असं मला सांगण्यात काही अर्थ नसतो.

इसोया धक्क्याच्या टोकाला होतं. चार-साडेचारलाच अंधारून आलं होतं. बर्फ तिरका पडत होता आणि समुद्र दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होता. दारावरचा निळा पडदा गोठून पाटीसारखा ताठ झाला होता. आत लाकडी फळीपुढे पाच-सहा बाकं, मधोमध रॉकेलची शेगडी, तिच्यावर किटली. रॉकेलचा वास, मिसोचा वास आणि त्याखाली ओल्या दोरखंडाचा वास. गिऱ्हाईक एकही नव्हतं.

फळीमागे पस्तिशीची एक बाई मुळा किसत होती. ही नात्सुए, घरातली सून. शेगडीशी तिची सासू बसली होती, कीसे आजी. हातांच्या शिरा वर आलेल्या, पाठ वाकलेली, नजर मात्र सरळ.

मी काय हवं ते सांगितलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"तो शिगेओचा आहे," आजी म्हणाल्या.

मी इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात पायांचा छोटा लाकडी चौरंग मांडला होता. त्यावर भाताची वाटी, लोणचं, जेवणाच्या काड्या आणि लाखेचं झाकण असलेला काळा वाडगा. समोर कोणी नव्हतं.

सावलीचं ताट मी पुस्तकात वाचलं होतं. घरातला माणूस लांब गेला, समुद्रावर किंवा लढाईवर, की घरचे रोज त्याच्या वाटचं वाढून ठेवतात, म्हणजे तो जिथे असेल तिथे उपाशी राहत नाही. थोड्या वेळाने वाडग्याचं झाकण उचलून बघायचं. आतून थेंब धरले असतील तर माणूस जिवंत. झाकण कोरडं निघालं तर गेला.

"माझा नवरा," नात्सुए म्हणाली. तिचा हात किसणीवर चालूच होता. "कॉडच्या दिवसांत होडी घेऊन गेला. होडी सापडली, इंजिन चालू होतं. तो नव्हता. चौथा हिवाळा चाललाय."

"आणि रोज झाकण ओलं असतं," आजी म्हणाल्या.

"रोज ओलं असतं." नात्सुएने किसणी खाली ठेवली. "उद्या देवळातले भिक्षू येऊ शकतात, ताई. अस्थी नसल्या तरी रिकामा कलश पुरायचा, मंत्र म्हणायचे, मोकळं व्हायचं. निईगाता शहरात एक माणूस आहे. स्वयंपाकी आहे, भला आहे. वसंतापर्यंत थांबतो म्हणालाय. पण आईंनी हो म्हटल्याशिवाय मी हे घर सोडणार नाही. आणि आई झाकणाला विचारतात."

"झाकण खोटं बोलत नाही."

"गरम कालवण, थंड खोली!" मी म्हणाले. मला राहवलं नाही. "आजी, ती वाफ आहे. कोणाच्याही नावाने ठेवा, झाकण ओलंच निघेल. एका जिवंत बाईचं आयुष्य तुम्ही वाफेवर कसं टांगून ठेवता?"

 मला वाटलं, आता हाकलून देणार.

"कोणाच्याही?" आजींनी विचारलं.

"कोणाच्याही. मेलेल्या माणसाच्या नावाने ठेवून बघा."

आजींनी शेगडीची वात थोडी कमी केली. मग म्हणाल्या, "यांच्या नावाने ठेव गं, नात्सुए. शिगेओच्या वडिलांच्या. त्यांची हाडं चितेच्या राखेतून मी माझ्या काड्यांनी उचललीत. ते मेलेत यात काही शंका नाही. आणि एक ह्या पोरीच्या नावाने ठेव. एक मेलेला, एक जिवंत. म्हणजे तोल होईल."

"आणि बाबांचंही ओलं निघालं तर?" नात्सुएने हळूच विचारलं.

"तर वाफच म्हणायची. भिक्षूंना यायला सांग."

नात्सुएने एकाच पातेल्यातून, एकाच डावाने तीन वाडगे भरले. कलेजीचे पिवळे तुकडे, पांढरा मासा, वर काळं शेवाळ. तिन्ही तसलीच लाखेची झाकणं, कोरड्या फडक्याने पुसून तिने माझ्या डोळ्यांदेखत लावली. शिगेओचा वाडगा चौरंगावर ठेवला, सासऱ्यांचा त्याच्या शेजारी, माझा फळीवर माझ्यापुढे.

मग आम्ही थांबलो. बाहेर वारा वाढला होता. गोठलेला पडदा दारावर आपटत होता, कोणीतरी बोटाच्या पेराने ठोकावं तसा.  एकदा आजी पुटपुटल्या, "त्यांना दोंगारा आवडायचा नाही. तोंड वेडंवाकडं करायचे." आणि नात्सुए हसली, अगदी खरं हसली. त्या दोघींचं एकमेकींवर प्रेम आहे, हे मला तेव्हा दिसलं. अडचण तीच होती.

आजी उठल्या. शिगेओचं झाकण उचललं. आतून थेंब लोंबत होते. रोजच्यासारखे.

मग स्वतःच्या नवऱ्याचं उचललं.

तेही ओलं होतं. थेंब इतके टपोरे, की एक घरंगळून चौरंगावर पडला.

आजी त्या झाकणाकडे बघत उभ्या राहिल्या. नात्सुएने तोंडावर पदरासारखा एप्रन धरला होता.

"वाफच होती," आजी म्हणाल्या. "चार हिवाळे... वाफच."

"आई..."

"थांब. तिचं राहिलंय. तोल म्हटलं ना मी." त्या माझ्याकडे वळल्या. "पोरी, तुझं बघ."

मी झाकण उचललं.

ते कोरडं होतं.

थोडंफार कोरडं असं नव्हे. दुकानातल्या शोभेच्या कपाटातून आत्ताच काढल्यासारखं. लाखेत मला दिव्याचा ठिपका दिसत होता, आणि खाली वाडग्यातून वाफ वर येऊन त्याच झाकणाला लागत होती... लागत होती आणि काहीच होत नव्हतं. वाफ त्याला ओळखतच नव्हती.

तेव्हा मी काय विचार केला ते स्पष्ट आठवतं, कारण भीती नंतर आली. मी विचार केला, हे दाखवलं तर आजी पुन्हा झाकणावर विश्वास ठेवतील. भिक्षू येणार नाहीत. ही बाई मुळा किसत इथेच म्हातारी होईल.

मी झाकण माझ्याकडे धरून बाहीने आतून पुसल्यासारखं केलं आणि फळीवर पालथं ठेवलं.

"ओलं," मी म्हणाले. "चिंब."

नात्सुए रडायला लागली. आजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "रडतेस काय, वेडे. भिक्षूंना फोन कर. उशीर केलास तर ते जेवायला बसतील, मग उचलायचे नाहीत."

मी जेवले. दुसरं काय करणार होते? आयुष्यात इतकं चांगलं कालवण मी खाल्लेलं नाही. कलेजी जिभेवर विरघळत होती. गरम होतं. तेवढ्यावर मी स्वतःची समजूत घातली.

परतीच्या गाडीची वेळ झाली. मी निरोप घेऊन बाहेर पडले. धक्क्यावरून थोडं पुढे आले असेन, मागे लाकडी चपला वाजल्या. कीसे आजी होत्या. छत्री नाही, डोक्यावर बर्फ.

"पोरी, कुठल्या बाजूला जाणार तू?"

"दक्षिणेला... तोक्योला. का?"

"माणूस ज्या बाजूला गेला त्या बाजूला तोंड करून ताट मांडावं लागतं."

 लाटेचा आवाज आला आणि गेला.

"पाहिलं मी तुझं झाकण," त्या म्हणाल्या.

"मग तिथे बोलला का नाहीत?"

"नात्सुए तरुण आहे अजून." त्यांनी माझ्या कोटाच्या कॉलरवरचा बर्फ झटकला. अगदी सहज, घरच्या पोरीचा झटकावा तसा. "उद्यापासून माझ्याकडे एक चौरंग रिकामा आहे. तू घाबरू नकोस. मी खायला घालीन तुला."

आणि त्या परत फिरल्या.

दुसऱ्या दिवशी मी तोक्योत होते. दिवेलागणीला टेबलाशी बसले होते, समोर काही नव्हतं, आणि तोंडात मिसोची चव आली. मग कलेजीची. घशातून ऊब उतरत गेली आणि पोट भरलं. तेव्हापासून रोज. डॉक्टरांनी तपासलं, वजन ठीक आहे म्हणाले. मासिक अजून चालतं. मी गावोगाव जाते, चांगली जागा शोधते, इथेच जेवा असं तळमळून लिहिते. जेवतो मात्र आमच्यातला दुसरा कोणीतरी. संध्याकाळी मला घास जात नाही.

पुढच्या थंडीत निईगाताहून नात्सुएचा फोन आला. आवाज आनंदी होता. मूल होणार होतं. कीसे आजी उन्हाळ्यातच गेल्या, झोपेत, असं तिने सांगितलं. इसोया पाडलं, धक्का रुंद करायचा होता.

"ताट आता तू मांडतेस का?" मी विचारलं.

"कुठलं ताट, ताई?" ती हसली. "दोंगाऱ्याचा तर वासही सहन होत नाही मला आता."

ते बोलणं झालं तेव्हा बाहेर दिवे लागत होते. मी फोन हातात धरून तशीच बसून राहिले. वाटलं, आज ती चव येणार नाही.

आली. अजूनही येते, वेळेवर. मीठ मात्र हल्ली बरंच जास्त असतं, समुद्राच्या पाण्याइतकं, आणि मासा कच्चा.