आवाज मोठा कर

दार नीट ओढून घ्या रे, गार येतंय. आणि मध्ये कुणी बोलू नका. ही माणसं माझ्या ओळखीची आहेत, ऐकीव नाहीत.

किर्गिझस्तानातल्या काराकोल गावच्या शाळेत मेदेर हा भौतिकशास्त्राचा मास्तर. एका शनिवारी दुपारी तो टपाल कचेरीतून एक पार्सल घेऊन आला. आत चिनी प्रीअँप्लिफायर होता. विटेएवढी लोखंडी पेटी आणि तिच्या माथ्यावर काचेचा एकच बोटभर व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत दिव्यासारखा तांबूस पेटायचा तसला. रेकॉर्ड प्लेअर आणि अँप्लिफायरच्या मध्ये ही पेटी जोडली की गाण्याला गोडवा येतो, असं त्याने वाचलं होतं. स्वस्तात मिळाली म्हणून बायकोने, बर्मेतनेही, फार कुरकुर केली नाही.

पेटी जोडली. गाणं होतं तसंच राहिलं, वरून खरखर मात्र वाढली.

"एवढी खरखर मी तुला फुकटात ऐकवली असती," बर्मेत म्हणाली.

"व्हॉल्व्ह हलका आहे गं. जुना रशियन मिळाला तर बघ कसा वाजतो!"

त्याच आठवड्यात शेजारच्या सुयुम आपा रेडिओ घेऊन आल्या. नवरा वारलेला, मुलगा मॉस्कोत. लाकडी रेडिओ शालीत गुंडाळून, बाळासारखा कवटाळून आणलेला. "मध्येच बंद पडतो रे बाळा. संध्याकाळी कोमुझच्या तारा छेडतात ना, तेवढा ऐकते. घरात माणूस असल्यासारखं वाटतं."

मेदेरने रेडिओ उघडला. एक तार सैल झाली होती, बस्स. पण आत त्याला हवा तोच व्हॉल्व्ह होता. 'एक रात्र लावून बघतो,' असं त्याने मनाशी म्हटलं.

त्या रात्री गाणं असं वाजलं म्हणता! तारेवरचं बोटसुद्धा ऐकू यावं. बर्मेतही हातातलं काम टाकून बसली. सकाळी त्याने चिनी व्हॉल्व्ह रेडिओत बसवून पाहिला. रेडिओ नुसता घुमत राहिला. मग तो काढला, मागची फळी लावली आणि रेडिओ आपांना परत दिला.

"जुना झाला आपा. आता याचे सुटे भाग मिळत नाहीत."

"असू दे. तुला उगीच त्रास दिला." आपांनी जरदाळूच्या मुरंब्याची बरणी त्याच्या हातात ठेवली. "तुझं गाणं भिंतीतून येतं हल्ली. छान वाटतं. मी खुर्ची तिकडेच ओढून घेते."

मेदेरला मान वर करवेना. त्या दिवसापासून गाणं लावलं की आपा भिंतीला कान लावून बसलेल्या त्याच्या डोळ्यांपुढे येत. व्हॉल्व्ह परत द्यायचा, तर खोटं उघडं पडणार. मग त्याने काय करावं? आवाज कमी केला. इतका कमी, की भिंतीपलीकडे काही जाऊ नये.

हिवाळ्यात आपा गेल्या.

चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं, मुलगा मॉस्कोला परतला. शेजारचं घर कुलपात. त्या रात्री बाहेर बर्फ पडत होतं. बर्मेत झोपली होती. मेदेरने रेकॉर्ड लावली, सवयीने अगदी हळू.

रेकॉर्ड संपली. सुई मधल्या रिकाम्या खाचेत फिरत राहिली.

सर्र... सर्र...

मग त्यात श्वास ऐकू आला. म्हाताऱ्या माणसाचा. दमलेला.

"...जरा मोठं कर ना, बाळा."

मेदेर हलला नाही. भिंतीतून नाही. स्पीकरमधून.

"ऐकू येत नाही रे..."

त्याने प्लग उपटला. रेकॉर्ड थांबली. स्पीकर गप्प.

व्हॉल्व्ह विझला नाही.

तांबूस. तसाच.

"...राहू दे. तुला उगीच त्रास..."

त्याने तो नुसत्या हाताने उपसून काढला. बोटं भाजली. बर्मेत उठून आली, तेव्हा तो जमिनीवर बसला होता, मूठ आवळून. त्याने तिला सगळं सांगितलं.

"मुरंबा मीही खाल्ला," ती एवढंच म्हणाली.

शेजारची किल्ली बर्मेतकडे होती. उजाडताच मेदेरने व्हॉल्व्ह रेडिओत परत बसवला, तार घट्ट केली. रेडिओ लागला. पुढे आपांची नात तो घेऊन गेली. तिने विचारलं, "आपा तर म्हणायच्या बिघडलाय. काय झालं होतं?" मेदेर म्हणाला, "तार सैल होती."

तेव्हाही खरं बोलणं जमलं नाही त्याला. मला हे सांगताना तो रडला, तो याच वाक्यावर.

ती पेटी आता त्यांच्या काचबंद सज्ज्यात पडून आहे. व्हॉल्व्हची जागा रिकामी, वायर गुंडाळलेली. जानेवारीत तिकडे बादलीतलं पाणी गोठतं. सकाळी बघावं, तर बरण्यांवर, सायकलवर, बटाट्यांच्या पोत्यावर पांढरं हिम साचलेलं असतं.

पेटीवर नसतं.