शेताचं आडनाव

"दगडाला जेवू घालताय की काय?"

रॅग्ना दचकली. डकोटाच्या माळावरची एवढीशी दफनभूमी, भरून आलेलं आभाळ, आणि थडग्यावरच्या पुसट अक्षरांत पीठ चोळणारी ती... मागे एक उंच तरुण टोपी हातात घेऊन उभा.

"पिठानं अक्षरं उठून दिसतात. हसायचं असेल तर खुशाल हसा."

"हसत नाही हो. आईच्या वडिलांना शोधतोय. नाव निल्स आणि मरणाचं साल, एवढंच ठाऊक. मी आयविंद."

मग तो दर शनिवारी येऊ लागला. ती दगड वाचायची, तो वहीत उतरवायचा. तिच्या गालाला पीठ लागलं की नुसता बघत राहायचा — सांगायचा नाही लबाड!

पाचव्या शनिवारी आजोबा सापडले. निल्स क्वामे.

रॅग्नाचा पिठाचा हात दगडावरच थांबला. क्वामे... तिचंही आडनाव तेच. तिचे आजोबा लार्स क्वामे, दगडावर कोरलेल्या त्याच साली, त्याच गलबतातून जुन्या देशाहून आलेले. दोघं भाऊच असणार! आत्यानं नात्यात लग्न केलं, तिची दोन्ही मुलं आंधळी जन्मली. तेव्हापासून नात्यात लग्न करायचं नाही, अशी बाबांनी घरात शपथच घातली होती.

चर्चमध्ये म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी गलबतातून आलेल्यांची जुनी नोंदवही उघडली. आयविंदनं हळूच तिची बाही धरली.

"नको वाचायला, रॅग्ना. चल ना... मला तू हवीयस."

"मलाही तू..." तिनं बाही सोडवून घेतली. "पण जन्मभर भीत भीत नाही जगायचं मला. वाचा, पाद्रीबाबा."

पाद्रीबाबांचं बोट ओळीवरून सरकत गेलं. थांबलं.

"लार्स, क्वामे नावाच्या शेताच्या मालकाचा मुलगा. आणि हा निल्स... शेरडं राखायला ठेवलेला गडी. आईबाप पार दुसऱ्या खोऱ्यातले. अगं वेडे, जुन्या देशात शेताचं नाव तेच आडनाव! मालकाचंही अन् त्याच्या गड्याचंही. रक्ताचा काही संबंध नाही."

रॅग्ना मटकन बाकावर बसली. हसू आधी आलं की रडू, तिलाच कळेना.

"म्हणजे मी गड्याचा नातू," आयविंद पुटपुटला. "मालकीणबाई, चालेल?"

"शेरडं राखता येतात का?"

"शिकेन की!"

तिनं डोळे पुसले, त्याच्याकडून वही ओढून घेतली आणि रॅग्ना आणि आयविंद अशी नावं लिहून मधे लिहू लागली, 'नातं — काही ना...'

त्यानं तिचा हात धरला.

"थांब. ती जागा रिकामी ठेव. जूनमध्ये पाद्रीबाबांकडूनच भरून घेऊ."